चिखलाच्या पुराआधी एक तास

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. तेथे रेनियर नावाचा एक उंच पर्वत आहे. त्याची उंची ४,३९२ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक! तेथील मूळ रहिवासी त्याला 'टहोमा' म्हणत. पर्वताच्या माथ्यावर बाराही महिने बर्फ असतो. त्याच्या अंगावरून पंचवीसहून अधिक हिमनद्या खाली उतरतात. आकाश निरभ्र असले, की तो फार दुरूनही दिसतो. असा हा देखणा पर्वत म्हणजे एक ज्वालामुखी आहे. सध्या तो शांत आहे, पण विझलेला नाही.

रेनियरच्या पायथ्याच्या दरीत, सुमारे ४५ किलोमीटरवर, ऑर्टिंग हे लहानसे गाव आहे. गावाच्या एका बाजूने प्युयालप नदी वाहते, तर दुसऱ्या बाजूने कार्बन नदी. दोन्ही नद्या रेनियरच्या बर्फातूनच उगम पावतात. जमीन सपाट आणि सुपीक, म्हणून लोक येथे वसले. पुढे घरे बांधण्यासाठी पाया खणताना जमिनीखाली मोठमोठ्या झाडांचे बुंधे सापडले. सारेच्या सारे उभे! जमिनीच्या पोटात हे जंगल कोणी पुरले?

शास्त्रज्ञांनी माती तपासली, लाकडाचे वय काढले. तेव्हा उलगडा झाला. सुमारे पाचशे वर्षांपूर्वी रेनियरची एक बाजू ढासळली होती. दगड, माती आणि पाणी यांचा प्रचंड लोंढा दरीतून धावत आला आणि त्याने उभे जंगल गाडून टाकले. त्याच्याही फार आधी, सुमारे ५,६०० वर्षांपूर्वी, याहून कितीतरी मोठा लोंढा थेट समुद्राच्या खाडीपर्यंत पोहोचला होता. अशा लोंढ्याला 'लाहार' म्हणतात. हा शब्द इंडोनेशियातील जावा बेटावरचा आहे, कारण तेथे असे लोंढे वारंवार येतात.

लाहार कसा असतो? घराचा स्लॅब टाकताना ओतला जाणारा काँक्रीटचा माल तुम्ही पाहिला असेल. घट्ट, जड आणि तरीही वाहता. तसाच माल दरी भरून वाहत आहे आणि त्यात घराएवढे दगड व झाडे गडगडत आहेत, अशी कल्पना करा. तीव्र उतारावर त्याचा वेग मोटारीएवढा असू शकतो. त्याच्यापुढे भिंत किंवा बांध टिकणे अवघडच.

ज्वालामुखी जागा झाला, की त्याच्या उष्णतेने बर्फ वितळतो आणि लाहार येतो, हे समजण्यासारखे आहे. पण उद्रेक झाला नाही तरी लाहार येऊ शकतो. पर्वताच्या पोटातून येणारे गरम पाणी आणि वायू खडकाला हळूहळू कुजवतात. टणक खडकाची मऊ चिकणमाती होते. मग एखाद्या दिवशी तो भाग स्वतःच्याच भाराने खाली येतो. आपल्याकडे पावसाळ्यात दरडी कोसळतात. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगर कोसळला. डोंगर अगदी गावाच्या डोक्यावर होता, म्हणून पळायला क्षणाचीही सवड मिळाली नाही. ऑर्टिंग मात्र पर्वतापासून दूर आहे. लाहार तेथे पोहोचायला सुमारे एक तास लागेल, असा अंदाज आहे. गावाची सारी आशा या एका तासावर आहे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात १३ नोव्हेंबर १९८५ च्या रात्री काय घडले, ते ऐका. नेवाडो देल रुईस या ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्यावरचा बर्फ वितळला. चिखलाचा लोंढा आर्मेरो या गावापर्यंत यायला दोन तासांहून अधिक वेळ लागला. उंच जागा गावापासून फार दूर नव्हत्या. शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशाही आधीच काढलेला होता. पण त्या रात्री लोकांना वेळेवर कोणी उठवले नाही. त्या उद्रेकात वीस हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

रेनियरजवळच्या लोकांनी १९९८ मध्ये वेगळी व्यवस्था उभारली. पर्वताजवळच्या दऱ्यांत जमिनीची थरथर ओळखणारी यंत्रे बसवली. लाहार येऊ लागला, की जमीन विशिष्ट प्रकारे हादरते. यंत्रे तो हादरा टिपतात आणि रात्रंदिवस जागत्या असलेल्या केंद्राकडे संदेश पाठवतात. मग गावोगावचे भोंगे वाजतात. पुढे ही यंत्रे आणखी सुधारण्यात आली.

भोंगा वाजल्यावर जायचे कसे? मोटारीने, असे तुम्ही म्हणाल. पण सगळे एकदम मोटारी घेऊन निघाले, तर अरुंद रस्ते आणि पूल अडून जातील. म्हणून शाळेतील मुलांनी चालत जायचे, असे ठरले आहे. आईवडिलांना सांगितलेले आहे, की मुलांना न्यायला शाळेत येऊ नका. शिक्षक त्यांना उंचावर नेतील. आईवडिलांसाठी ही गोष्ट सोपी नाही. वाटेत हमरस्ता आणि नदी आहे, म्हणून मुलांसाठी पादचारी पूल बांधा, अशी मागणी ऑर्टिंगच्या पालकांनी अनेक वर्षे केली.

या चालण्याची तालीमही होते. २१ मार्च २०२४ रोजी ऑर्टिंग आणि आसपासच्या गावांतील मिळून ४५,००० हून अधिक विद्यार्थ्यांनी तालमीत भाग घेतला. ऑर्टिंगची मुले वर्गातून निघून सुमारे तीन किलोमीटर चालत गेली. बालवर्गातील चिमुकलीही या पायपिटीत होती.

एरवी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजवून पाहतात. त्या वेळी कोणी धावपळ करत नाही. मात्र दुसऱ्या कोणत्याही वेळी भोंगा वाजला, तर दप्तर तेथेच ठेवून टेकडीची वाट धरायची, हे तेथील मुलांना पाठ आहे.