काटा तळाला गेल्यावर

पेट्रोलचे दुसरे काम

मोटारीच्या टाकीतले पेट्रोल इंजिनात जळते, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. जळण्याआधी मात्र ते आणखी एक काम करून जाते. आजच्या बहुतेक मोटारींमध्ये इंजिनाकडे इंधन पाठवणारा विजेचा पंप टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडालेला असतो. एका लहान मोटरला जोडलेले पात्यांचे चाक तळातून पेट्रोल ओढते. हे पेट्रोल मोटरच्या बाजूने नव्हे, तर थेट तिच्या पोटातून वर जाते. फिरणाऱ्या भागांची उष्णता ते सोबत नेते आणि घासणाऱ्या पृष्ठभागांवर पातळ थर धरून झीज कमी करते. म्हणजे जे पंपाचे ओझे, तेच त्याचे शीतक आणि तेच त्याचे वंगण. टाकी रिकामी होत आली की गाडीवर काय परिणाम होतो, याचे बहुतांश उत्तर या एका रचनेत आहे.

पंप टाकीत का गेला

जुन्या प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबॅसेडरमध्ये पंप इंजिनाला चिकटलेला असे. कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्यातला लवचिक पडदा खालीवर होई आणि टाकीतले पेट्रोल लांबून ओढून आणी. कार्बोरेटरला अर्ध्या बारपेक्षाही कमी दाब पुरत असल्याने हे भागत होते. दोष एकच होता. ओढताना नळीतला दाब घटतो आणि घटलेल्या दाबाखाली पेट्रोल लवकर उकळते. उन्हाळ्यात घाट चढताना नळीत वाफेचे बुडबुडे धरत आणि गाडी बंद पडे. मग पंपावर ओले फडके टाकून थांबावे लागे. इंजेक्शन पद्धतीत इंजेक्टरला साधारण तीन ते चार बार स्थिर दाब हवा असतो. म्हणून पंप टाकीत नेला गेला, कारण लांबून ओढण्यापेक्षा जवळून ढकलणे विश्वासार्ह ठरते. पेट्रोलात विजेची मोटर ठेवणे ऐकायला धोक्याचे वाटते, पण हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असतानाच ते मिश्रण पेट घेते. बंद टाकीत वाफ याहून कितीतरी दाट असते आणि ज्वलनाला पुरेसा प्राणवायू तिथे नसतो.

रिझर्व्हची सवय

काटा तळाला जाईपर्यंत गाडी चालवण्याची आपल्याकडची सवय दुचाकीवरून आली असावी. जुन्या मोटारसायकलीच्या टाकीखाली पेट्रोलचा कॉक असे. त्यात दोन नळ्या, एक उंच आणि एक बुटकी. पातळी उंच नळीच्या तोंडाखाली गेली की गाडी आचके देई. कॉक रिझर्व्हला फिरवला की बुटक्या नळीतून उरलेले पेट्रोल येई. रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी नव्हती, त्याच टाकीचा तळ होता. स्कूटर त्यावरही बंद पडली, तर ती एका बाजूला आडवी करून कोपऱ्यातले शेवटचे पेट्रोल कार्बोरेटरकडे आणले जाई आणि गाडी पुढच्या पंपापर्यंत पोचे. हे सारे निर्धोक होते, कारण पेट्रोल केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली येत होते आणि कोरडा पडून बिघडेल असा कोणताही भाग वाटेत नव्हता. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाक्याही इंजेक्शनवर आल्या. त्यांच्याही टाकीत आता विजेचा पंप आहे. सवय तीच राहिली, पण ज्या यंत्रावर ती पोसली गेली ते यंत्र बदलले.

टाकीतली वाटी

काटा लाल रेषेवर आला की पंप उघडा पडून जळतो, असे सरसकट सांगितले जाते. ते अतिशयोक्त आहे. पंप एका उभ्या प्लास्टिकच्या वाटीत बसवलेला असतो. अनेक गाड्यांत पंपाने उचललेल्या पेट्रोलचा थोडा भाग बारीक छिद्रातून वेगाने सोडतात. त्या झोताच्या ओढीने तळातले पेट्रोल वाटीत खेचले जाते. त्यामुळे टाकीची पातळी खाली गेली तरी वाटी बराच काळ भरलेली राहते. शिवाय पेट्रोल मोटरच्या आतून वाहत असल्याने बाहेरची पातळी घटताच थंडावा एकदम संपत नाही. तरीही फरक पडतो. पंपाची उष्णता चाळीस लिटरमध्ये पसरणे आणि चार लिटरमध्ये पसरणे सारखे नाही. ज्या गाड्यांत जादा पेट्रोल गरम इंजिनाजवळून टाकीत परतते, तिथे तर उरलेले थोडे पेट्रोल अधिकच तापते. एखाद्या दिवसाने यातून काही बिघडत नाही. वर्षानुवर्षे तळावरच चालवलेल्या गाडीच्या पंपाचे आयुष्य मात्र घटते.

हवा शिरल्यावर

खरा धोका पातळीचा नसून हवेचा आहे. टाकी सपाट आणि पसरट असते. तळातले चार-पाच लिटर चढावर मागे, उतारावर पुढे आणि वळणावर एका कुशीला धावतात. आतले आडवे पडदे ही धाव मंदावतात, पण थांबवू शकत नाहीत. बोरघाटाच्या किंवा आंबोलीच्या लांब चढावर, एकामागून एक वळणे घेताना, वाटीत भर पडण्याचा वेग पंपाच्या उपशापेक्षा कमी पडू शकतो. मग पंप पेट्रोलबरोबर हवा ओढतो. भार हलका झाल्याने मोटर वेगाने फिरते आणि नेमके त्याच क्षणी वंगण व थंडावा दोन्ही सुटतात. दाब कोसळतो आणि गाडी ओढ सोडते. असे काही क्षण पंप सोसतो. वारंवार घडल्यास ब्रश आणि बेअरिंग झिजतात. मागच्या आसनाखालून येणारी बारीक शिट्टीसारखी घरघर, चावी फिरवल्यावर इंजिन उशिरा लागणे आणि चढावर ताकद कमी पडणे, ही झिजलेल्या पंपाची नेहमीची लक्षणे. सपाट शहरात ज्या पातळीवर गाडी बिनतक्रार चालते, त्याच पातळीवर ती घाटात थांबू शकते, हे टाकीच्या आकारावरून सहज समजते.

गाळाचा समज

शेवटचे पेट्रोल ओढले की तळाचा गाळ इंजिनात जातो, हा समज अर्धाच खरा आहे. पंप नेहमीच तळातून ओढतो, टाकी भरलेली असतानाही. त्याच्या तोंडाशी जाळीची पिशवी आणि पुढे फिल्टर असतोच. कमी पेट्रोल जास्त डुचमळते आणि बसलेला गाळ थोडा ढवळला जातो, इतकेच. नव्या गाडीच्या प्लास्टिकच्या टाकीत ही चिंता गौण आहे. जुन्या, आतून गंजलेल्या पत्र्याच्या टाकीत ती करण्यासारखी आहे.

पाणी आणि इथेनॉल

टाकीत पेट्रोल जितके कमी, तितकी हवा जास्त आणि हवेबरोबर बाष्पही. आधुनिक टाकी जवळपास बंद असल्याने कोंदट हवा सतत आत-बाहेर होत नाही, म्हणून हे पाणी अल्प असते. पण आता देशात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि इथेनॉल पाणी शोषून घेते. प्रमाण मर्यादेत असेपर्यंत ते विरघळलेले राहून इंधनाबरोबर जळून जाते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी यांचा वेगळा थर तळाशी बसतो, म्हणजे थेट पंपाच्या तोंडाशी. पाणी तेवढेच असताना पेट्रोल कमी असेल, तर ही मर्यादा लवकर गाठली जाते. कोकणात पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभीच राहणार असेल, तर तिची टाकी भरलेली असणे म्हणूनच श्रेयस्कर.

डिझेलची गाडी

डिझेलच्या गाडीत कमी इंधनाचा प्रश्न अधिक गंभीर होतो. कॉमन रेल पद्धतीत इंजिनाजवळचा उच्चदाब पंप डिझेलवर हजार बारच्या पुढे, अनेक इंजिनांत दोन हजार बारपर्यंत दाब निर्माण करतो आणि त्याला वंगण मिळते ते त्याच डिझेलमधून. डिझेल संपून गाडीने हवा धरली की धातू धातूवर घासतो. निघालेले सूक्ष्म कण इंजेक्टरपर्यंत पोचले, तर एका निष्काळजी प्रवासाची किंमत संपूर्ण इंधनयंत्रणा बदलण्याइतकी होऊ शकते. शिवाय टाकीत नवे डिझेल ओतले तरी गाडी लगेच सुरू होईलच असे नाही. कित्येक गाड्यांत आधी हातपंपाने फिल्टरमधली एअर काढावी लागते. भारत स्टेज ६ च्या गाड्यांत एक जोड-मर्यादाही आहे. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर अधूनमधून जादा डिझेल वापरून, तापवून स्वच्छ केला जातो. इंधन कमी असताना बऱ्याच गाड्यांचा संगणक ही प्रक्रिया सुरूच करत नाही. सतत तळावर चालणाऱ्या गाडीत काजळी मग साठत राहते.

धुराच्या वाटेवर

पेट्रोल तुटक येऊ लागले की काही सिलिंडरांत मिश्रण पातळ होते आणि ठिणगी पडूनही पेटत नाही. न जळलेले पेट्रोल आणि प्राणवायू दोन्ही धुराच्या नळीत उतरतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतात. प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचा लेप असलेली ही चिनीमातीची मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेने दुबळी होते. गाडी आचके देत असतानाही ती रेटत पुढे नेणे यामुळे दुहेरी नुकसानीचे ठरते.

सीएनजी गाडीतले पेट्रोल

मुंबई-पुण्यात सीएनजीच्या गाड्या मुबलक आहेत आणि कमी पेट्रोलचा उपद्रव त्यांच्यात विशेष दिसतो. गाडी गॅसवर चालते म्हणून पेट्रोलची टाकी जेमतेम ओली ठेवली जाते. पण अशा बहुतेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये तर गॅसवर धावतानाही पेट्रोलचा पंप बंद होत नाही. तो तेच थोडेसे पेट्रोल तासन्‌तास घुसळत राहतो आणि तापतो. वापर नसल्याने ते पेट्रोल शिळेही होते. गॅसवर चालणाऱ्या गाडीचा पेट्रोल पंप जळावा, याचे नवल वाटते खरे. कारण मात्र असे साधे असते.

काटा नेमके काय सांगतो

टाकीतला तरंगता फ्लोट एका दांड्यावर खालीवर होतो आणि त्यानुसार विजेचा रोध बदलतो. काटा किंवा पडद्यावरच्या पट्ट्या तो रोध वाचतात. म्हणजे मोजली जाते ती पातळी. टाकीचा आकार वेडावाकडा असल्याने पातळीवरून काढलेले लिटर अंदाजे असतात आणि उतारावर उभ्या गाडीत ते आणखी चुकतात. उरलेल्या किलोमीटरचा आकडा तर अलीकडच्या मायलेजवरून काढलेला असतो. सपाट रस्त्यावर दिसलेले पन्नास किलोमीटर घाटाच्या पायथ्याशी प्रत्यक्षात पन्नास नसतात. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मिश्रणाचे प्रमाण बदलले की मायलेजही थोडे सरकते.

वजनाचा हिशेब

कमी पेट्रोल म्हणजे हलकी गाडी आणि जास्त मायलेज, हा युक्तिवाद अधूनमधून होतो. एक लिटर पेट्रोल सुमारे पाऊण किलोचे. चाळीस लिटरची टाकी पाव भरलेली ठेवली, तर वाचतात साडेबावीस किलो, एका शाळकरी मुलाइतके. हजार किलोच्या गाडीत त्यातून मिळणारी बचत जाणवण्याजोगी नसते आणि दोन जादा वेळा पंपावर जाण्यातच ती खर्ची पडते.

रस्त्यात थांबणे

यंत्राच्या झिजेपेक्षा मोठा धोका चालत्या गाडीचे इंजिन बंद पडण्यात आहे. बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग जड होते. ब्रेकला मदत करणारी निर्वात पोकळी इंजिन बंद पडल्यावर एक-दोन वेळाच पुरते. नंतर पेडल दगडासारखे होते. द्रुतगती मार्गावर कडेला उभी गाडी मागून येणाऱ्या ट्रकला किती उशिरा दिसते, हे तिथे नेहमी जाणाऱ्यांना ठाऊक आहे.

पाव टाकी आणि वरची सीमा

इशाऱ्याचा दिवा साधारणपणे टाकीत दहा ते पंधरा टक्के इंधन उरले की लागतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. रोजच्या वापरासाठी पाव टाकी ही खालची सीमा पुरेशी आहे, घाटासाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी अर्धी बरी. वरच्या बाजूलाही सीमा आहे. उन्हाळ्यात टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो, असा संदेश दर वर्षी फिरतो. तो खोटा आहे. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत भरणे कोणत्याही ऋतूत सुरक्षित आहे, असे इंडियन ऑइलनेही स्पष्ट केले आहे. मात्र नोझल आपोआप बंद झाल्यावर रक्कम पूर्ण करण्यासाठी आणखी पेट्रोल दाबून भरले, तर ते वाफेसाठी ठेवलेल्या मोकळ्या जागेत चढते आणि तिथून वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात उतरते. हा डबा वाफेसाठी बनवलेला असतो. द्रव पेट्रोलने भिजला की तो निकामी होऊ शकतो.