विजेता निवृत्त होतो, संशय मागे उरतो

नाशिकमध्ये सायकलवर बोलायला उभं राहायचं म्हणजे रामकुंडावर पाण्याच्या बाटल्या विकण्यासारखं आहे. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या याच शहरातल्या भावांनी २०१५ साली 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. तोवर कुठल्याही भारतीय संघाला ते जमलं नव्हतं. दोन वर्षांनी लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ, तेही नाशिकचेच म्हणून ओळखले जातात, त्यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. तेव्हा कसारा घाट चढताना मांड्यांत काय पेटतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

आज बोलायचं आहे ते रस्त्याच्या कडेला उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांबद्दल. एखादा मोठा विजेता उत्तेजकांचा संशय अंगावर असताना निवृत्त होतो. दोष सिद्ध झालेला नसतो आणि संशय फिटलेलाही नसतो. अशा वेळी लोक काय करतात, तसं का करतात आणि त्याची किंमत कोण मोजतं, एवढाच विषय.

२४ जुलै २००५. पॅरिस. लान्स आर्मस्ट्राँग सलग सातव्यांदा 'टूर द फ्रान्स' जिंकतो आणि त्याच दिवशी निवृत्त होतो. हातात माइक देतात तेव्हा हा गृहस्थ आपल्यावर शंका घेणाऱ्यांची कीव करतो. तुम्हाला मोठी स्वप्नं बघता येत नाहीत, चमत्कारांवर तुमचा विश्वास नाही, याचं मला वाईट वाटतं, अशा अर्थाचं तो बोलतो. एक महिनाही होत नाही तोच, २३ ऑगस्टला, 'लेकिप' हे फ्रेंच क्रीडा दैनिक छापतं, की १९९९ सालच्या त्याच्या साठवलेल्या लघवीच्या नमुन्यांत ईपीओ सापडलं.

आता हे ईपीओ काय आहे, ते समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही. एरिथ्रोपोएटिन हे आपल्याच मूत्रपिंडात तयार होणारं संप्रेरक. ते हाडांच्या मगजाला सांगतं की लाल पेशी वाढव. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते औषध म्हणून बनवलं गेलं, आणि त्या रुग्णांना त्याचा मोठाच आधार झाला. पण धडधाकट सायकलपटूने ते टोचून घेतलं तर त्याच्या रक्तात लाल पेशी जास्त, म्हणजे स्नायूंना प्राणवायू जास्त. तीन आठवडे, साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आणि मध्ये आल्प्स, पिरेनीज. अशा शर्यतीत याने केवढा फरक पडतो, ते तुम्हीच सांगाल.

गंमत अशी, की १९९९ मध्ये ईपीओ पकडणारी चाचणीच नव्हती. होती ती एक मर्यादा. जागतिक सायकलिंग संघटनेने १९९७ मध्ये ठरवलं, की रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ५० टक्क्यांच्या वर गेलं तर शर्यतीतून काही दिवस बाहेर. म्हणजे झालं काय, चोरी बंद झाली नाही. किती चोरायचं त्याचा आकडा मिळाला. पुढे २००० च्या सुमारास ईपीओची चाचणी आली, तर लोक आपलंच रक्त आधी काढून शीतपेटीत ठेवायला आणि शर्यतीच्या वेळी परत भरून घ्यायला लागले. स्वतःचंच रक्त. ते पकडणार कसं? म्हणून पुढे 'बायोलॉजिकल पासपोर्ट' आला. खेळाडूच्या रक्ताच्या नोंदी वर्षानुवर्षं ठेवायच्या आणि त्यात अचानक उडी दिसली की जाब विचारायचा. सायकलिंगमध्ये हे सुरू व्हायला २००८ उजाडलं.

म्हणून "मी शेकडो चाचण्या दिल्या, एकदाही सापडलो नाही" या वाक्याचा अर्थ एवढाच, की त्या काळात जे शोधता येत होतं ते सापडलं नाही. तेही पुरतं खरं नव्हतं. १९९९ मध्ये आर्मस्ट्राँगच्या नमुन्यात कॉर्टिकोस्टेरॉइडचा अंश मिळाला होता. खोगिराने झालेल्या जखमेवर लावलेल्या मलमाचा तो परिणाम, असा खुलासा झाला, आणि त्यासाठीची डॉक्टरची चिठ्ठी मागची तारीख घालून तयार केली गेली होती.

मग लोकांनी विश्वास का ठेवला? लोक भोळे होते असं म्हणून मोकळं होणं आम्हाला पटत नाही. १९९६ साली त्याला कॅन्सर झाला होता, फुप्फुसांत आणि मेंदूपर्यंत पसरलेला. त्यातून उठून हा माणूस जगातली सर्वांत अवघड शर्यत जिंकला, हे तर खरंच होतं. त्याच्या संस्थेच्या पिवळ्या रबरी पट्ट्या आठ कोटींच्या घरात खपल्या. आपल्याकडेही कॉलेजच्या मुलांच्या मनगटांवर त्या दिसत, अस्सल किती आणि फुटपाथवरच्या किती ते सोडून द्या. २०११ चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराजसिंगला ट्यूमर निघाला, तेव्हा तोही उपचारांसाठी इंडियानापोलिसला गेला, ज्यांच्याकडे आर्मस्ट्राँगचे उपचार झाले त्या डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे. आर्मस्ट्राँगचं आत्मचरित्र त्याने त्या काळात वाचलं. आता विचार करा, केमोथेरपीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी येऊन सांगितलं, 'तुझा तो हिरो लबाड आहे', तर तो त्यावर प्रयोगशाळेचा अहवाल मागेल का? तो म्हणेल, बाबा, तू आधी इथून जा.

लोकांनी त्याच्यावर टाकलेला भार सायकलचा नव्हताच. म्हणून सायकलसंबंधीचा पुरावा त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता.

हेच जर्मनीत बघा. यान उलरिश, पूर्व जर्मनीतल्या रोस्टोकचा पोरगा. १९९७ ला टूर जिंकणारा पहिला जर्मन. भिंत पडून आठ वर्षं झालेली, दोन तुकडे जोडून नवा देश उभा राहतोय, आणि त्याला एक समाईक नायक मिळाला. जून २००६ मध्ये, टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, माद्रिदच्या डॉ. फुएन्तेस यांच्या रक्तपिशव्यांच्या प्रकरणात नाव आल्यामुळे त्याच्या संघाने त्याला बाजूला काढलं. २६ फेब्रुवारी २००७ ला त्याने हॅम्बर्गमध्ये निवृत्ती जाहीर केली आणि सांगितलं, की आपण कुणालाही फसवलं नाही. दोन महिन्यांत त्याच्या डीएनएशी त्या पिशव्यांतलं रक्त जुळलं. जर्मन लोकांची प्रतिक्रिया अमेरिकेच्या उलटी झाली. त्याच जुलैमध्ये दुसऱ्या एका जर्मन सायकलपटूचा नमुना सदोष आल्याची बातमी येताच, तिथल्या दोन्ही सार्वजनिक वाहिन्यांनी चालू टूरचं थेट प्रक्षेपणच थांबवलं. प्रेम जितकं, तितकाच राग. उलरिशने रक्त भरून घेतल्याचं २०१३ मध्ये कबूल केलं, पण आपण फसवणूक केली असं तेव्हाही म्हणाला नाही, कारण सगळेच घेत होते. सगळं नीट बोलायला त्याला २०२३ पर्यंत वेळ लागला.

'सगळेच घेत होते.' हे वाक्य आपण क्रिकेटपासून कुस्तीपर्यंत कट्ट्यावर ऐकतो. ते ऐकलं की आम्हाला क्रिस्तोफ बासाँ आठवतो. तो घेत नव्हता. १९९९ च्या टूरमध्ये पंचवीस वर्षांचा हा फ्रेंच सायकलपटू एका वर्तमानपत्रात रोज लिहायचा, आणि हा वेग संशयास्पद आहे असं त्याने लिहिलं. घोळक्यात त्याच्याशी कुणी बोलेना. आर्मस्ट्राँगने शर्यत चालू असताना त्याला गाठून घरी जा म्हणून सांगितलं. काही दिवसांत बासाँ एका पहाटे बॅग भरून निघून गेला. २००४ मध्ये फिलिप्पो सिमेओनी हा इटालियन पुढच्या एका छोट्या गटात सामील व्हायला निघाला. त्याने आर्मस्ट्राँगच्या डॉक्टरविरुद्ध, मिकेले फेरारीविरुद्ध साक्ष दिलेली होती. पिवळी जर्सी घातलेला विजेता स्वतः त्याचा पाठलाग करत गेला, त्याला माघारी घोळक्यात आणलं आणि ओठांवरून चेन ओढल्याची खूण केली. टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. संघात मालिशचं काम करणाऱ्या एमा ओरायली यांनी तोंड उघडलं, तर त्यांच्यावर खटला. एका सहकाऱ्याच्या पत्नी बेट्सी अँड्र्यू वर्षानुवर्षं खरं सांगत राहिल्या, तर त्या द्वेषाने पेटलेल्या बाई ठरल्या.

या सगळ्यात प्रेक्षकांचा हात नव्हता असं म्हणता येत नाही. गर्दी पाठीशी असल्याशिवाय एकट्या माणसाला असं धमकावता येत नाही.

निवृत्तीने हिशेब मिटतो, असाही एक समज असतो. मिटत नाही. नमुने गोठवून ठेवलेले असतात, आणि कारवाईची मुदत तेव्हा आठ वर्षांची होती, २०१५ पासून दहा आहे. आर्मस्ट्राँग मध्ये एकदा परत आला, २०११ ला पुन्हा निवृत्त झाला. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेने त्याच्याच सहकाऱ्यांच्या साक्षींसह निकालपत्र प्रसिद्ध केलं, आणि त्याची सातही विजेतेपदं गेली. ती कुणालाच दिली नाहीत. दुसरा-तिसरा आलेल्यांपैकी इतक्यांची नावं कुठल्या ना कुठल्या प्रकरणात होती, की १९९९ ते २००५ विजेत्याची जागा कोरीच आहे. जानेवारी २०१३ मध्ये त्याने टीव्हीवर कबुली दिली.

आता घरी येऊ. नाशिक जिल्ह्याने देशाला सावरपाड्याची कविता राऊत दिली, आणि तिच्या मागोमाग लांब पल्ल्याची धावपटू संजीवनी जाधव. जून २०१८ मध्ये घेतलेल्या संजीवनीच्या नमुन्यात प्रोबेनेसिड सापडलं. हे तसं गाउटचं, म्हणजे सांध्यांत युरिक अॅसिड साचण्यावरचं औषध. पण ते मूत्रपिंडातून काही द्रव्यं बाहेर पडणं कमी करतं, आणि म्हणून इतर औषधं लपवणारं द्रव्य म्हणून त्यावर बंदी आहे. तिला २९ जून २०१८ पासून दोन वर्षांची बंदी झाली, आणि २०१९ ला दोह्याच्या आशियाई स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये मिळवलेलं कांस्य गेलं. इथला नियम कठोर आहे: द्रव्य शरीरात कसं आलं, हेतू काय होता, हे शिक्षा किती यासाठी बघतात. दोष आहे का, यासाठी नाही. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. तिने बंदी भोगली, परत आली, राष्ट्रीय स्पर्धांत पुन्हा सुवर्ण जिंकलं. तिच्याबद्दल आता कुजबुजत बोलणाऱ्यांना आमचं सांगणं आहे, की निकाल लागला, शिक्षा संपली, विषय संपला. संशयाला मुदत नसते, शिक्षेला असते, आणि ती संपल्यावरही आपण चालू ठेवणार असू तर निकाल लावायचा तरी कशाला?

देशाचं चित्र मात्र बरं नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, जिला सगळे 'वाडा' म्हणतात (सरकारवाड्याशी संबंध नाही), तिच्या २०२३ च्या आकड्यांत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ सदोष निघाले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत चाचणी करणारे अधिकारी आल्याचं कळलं, आणि १०० मीटरच्या अंतिम शर्यतीला रेषेवर एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे गायब. आपल्याला हसू येतं, पण सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असलेल्या राज्यात एका पदकावर एका घराचं भवितव्य लटकलेलं असतं, हेही याच आकड्यांच्या मागे आहे. शिवाय जिममध्ये 'पावडर' म्हणून मिळणाऱ्या डब्यात काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तर निकाल यायच्या आधी, संशयाच्या काळात, आपण काय करायचं? आमचं मत असं, की विजेत्याच्या चेहऱ्याकडे बघून निर्णय करायला जाऊ नये. रडणारे खोटं बोललेत आणि उर्मट माणसं निर्दोष निघालीत. बघायचं असेल तर त्याच्याविरुद्ध बोलणाऱ्यांचं काय होतंय ते बघावं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळतंय, की नोटीस? साक्षीदाराची नोकरी टिकली, की गेली? २००५ मध्ये रक्ताचा अहवाल आपल्या हातात नव्हता, पण सिमेओनीचा पाठलाग तर एक वर्ष आधीच सगळ्या जगाने पाहिला होता.

बासाँचं पुढे काय झालं, तेही सांगतो. व्यावसायिक सायकलिंग सोडून तो फ्रान्सच्या नैऋत्य भागात उत्तेजकविरोधी कामासाठी सरकारी नोकरीत लागला. हौशी शर्यतींत मात्र भाग घेत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये माउंटन बाइकच्या एका शर्यतीतून थकून मध्येच बाहेर पडला आणि गाडी काढून घरी निघाला. वाटेत फोन आला, की चाचणीसाठी तुझं नाव निघालंय. वेळेत परत पोचणं शक्य नव्हतं. आर्मस्ट्राँगचं निकालपत्र आलं त्याच महिन्यात बासाँला चाचणी चुकवल्याबद्दल एक वर्षाची बंदी झाली. अपिलात ती एका महिन्यावर आली.