पाऊण ठोका

जेवणाच्या ट्रकवरची माझी पाळी संपली तेव्हा सकाळचे साडेनऊ झाले असतील. इंडियानातल्या एका शाळेचं फुटबॉलचं मैदान, जुलैचं ऊन. ट्रक मैदानाच्या मागच्या अंगाला लावलेला, त्यामुळे सराव सुरू झाला तो मी पाठीमागूनच ऐकला, आणि पोटात गोळा आला. माझ्या पुढ्यात पाठमोरे ड्रमवाले, पार पलीकडच्या रेषेवर मरिम्बा नि व्हायब्राफोन, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. ड्रम पुढे निघून गेलेले, मरिम्बा मागून फरफटत येतेय. पुण्यात सात वर्षं मी पथकात ढोल वाजवलाय. मागची रांग ताशापासून सुटली की कानाला लगेच टोचतं. इथे तर सगळंच सुटलेलं, आणि अंतिम फेरी महिन्यावर आलेली.

हात पुसत मी वळसा घालून समोरच्या बाकांवर जाऊन बसले. तोच तुकडा पुन्हा वाजला. एकसंध. सुईच्या टोकाएवढीही फट नाही.

रात्री लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “आई, तू जे समोरून ऐकतेस ना, ते आम्हाला मैदानात कधी ऐकूच येत नाही.”

ती मैदानावर सराव करणाऱ्या या ड्रम कोअरच्या बास लाइनमध्ये, म्हणजे बास ड्रमच्या रांगेत आहे, पाचांतली तिसरी. ड्रम कोअर म्हणजे ब्रासची वाद्यं, तालवाद्यं आणि निशाणं-रायफली घेऊन नाचणारं कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट यांना इथे जागा नाही. मुलं दीडशेच्या आसपास, वय जास्तीत जास्त बाविशीपर्यंत, आणि सगळा उन्हाळा दहा-बारा मिनिटांच्या एका खेळासाठी वाहिलेला. दिवसभर सराव, रात्री बसने प्रवास, झोप कुठल्यातरी शाळेच्या जिमच्या फरशीवर. माजी सैनिकांच्या संघटनांनी चालवलेल्या बिगुल-ढोलांच्या तुकड्यांतून हे सगळं वाढलं. ड्रम कोअर इंटरनॅशनल ही संस्था 1971 साली उभी राहिली, पहिली अंतिम स्पर्धा 1972 मध्ये विस्कॉन्सिनातल्या व्हाइटवॉटरला झाली, आणि आता दर ऑगस्टला सगळे इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये जमतात.

तर ती फट. मैदान पुढून मागे सुमारे 49 मीटर खोल. आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास धावतो, म्हणजे मागच्या रेषेवरून पुढे यायला त्याला 0.14 सेकंद लागतात. मिनिटाला 160 ठोक्यांच्या लयीत एक ठोका 0.375 सेकंदाचा असतो, म्हणजे हा उशीर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त झाला. पुढचे आणि मागचे दोघेही समोरून हाताने लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरकडे बघून वाजवू लागले, तर प्रेक्षकांना ते कधीच एकत्र ऐकू येणार नाहीत.

म्हणून पुढच्या रेषेवरचे मरिम्बा-व्हायब्राफोनवाले, ज्यांना इथे ‘पिट’ म्हणतात, ते हाताकडे बघून वाजवत नाहीत. मागून येणारा ड्रमचा आवाज आपल्यापर्यंत पोचला की त्याच्यावर आपला ठोका ठेवतात. समोर बसलेल्याला दोन्ही एकदम मिळतात. पण मागच्याचं काय होतं? त्याचा आवाज पुढे जायला 0.14, पिटचा उलट यायला 0.14, मिळून 0.28 सेकंद. पिट आपल्यामागे पाऊण ठोका रेंगाळतंय असंच त्याला ऐकू येत राहतं. सगळं बरोबर चाललेलं असताना! आणि त्याने कानावर विश्वास ठेवून जरा सावरायचं म्हटलं, पाऊल जरासं ओढलं, की त्याच क्षणी खेळ खरोखर फाटतो.

म्हणून सरावात मेट्रोनोमचा स्पीकर मागच्या टोकाला ठेवतात. त्या सकाळी तो माझ्या शेजारीच टकटकत होता आणि मला त्याचा अर्थ कळला नव्हता. आवाज मागून पुढे जात जात प्रत्येकाला उचलत जावा, यासाठी ती जागा. आमच्या पथकातही मागच्या रांगेला हा त्रास व्हायचा, पण लक्ष्मी रस्त्याच्या दोन भिंतींमध्ये अंतर बेताचं आणि टोल कानाशी. इथे उघडं मैदान आहे आणि दर काही ठोक्यांनी तुमची जागा बदलते. आत्ता पुढे असाल तर ऐका, मागे गेलात की बघा. कोणत्या मोजणीला कान सोडून डोळे धरायचे, हेही पाठ करावं लागतं.

ड्रम मेजर उंच ओट्यावर उभी राहून हात फिरवते, म्हणून सगळे तिच्या मागे चाललेत असं वाटतं. तिची नजर मात्र बहुतेक वेळ एकाच जागी असते, ती म्हणजे स्नेअर ड्रमच्या रांगेतल्या मधल्या वादकाच्या पायांवर. लय त्या दोन बुटांतून तिच्या हातात येते. हे कळल्यापासून मी आधी ते पाय शोधते.

आता लेकीचा ड्रम. बास लाइनचे पाच ड्रम वेगवेगळ्या मापांचे, वरचा साधारण 18 इंची, खालचा 30च्या पुढचा. एका वादकाला एकच सूर. वरून खाली घरंगळत येणारी जी सलग ओळ आपण ऐकतो, ती पाच जणांच्या दहा हातांत वाटलेली असते. 160च्या लयीत ठोक्याचे चार भाग केले तर एकेकाच्या वाट्याला नऊ शतांश सेकंद येतात. मला वाटायचं, शेजारच्याचा वाजला की हिचा. ती म्हणाली, “त्याचा ऐकून वाजवला तर झालाच की उशीर.” पाचही जण पूर्ण ओळ मनात वाजवतात आणि त्यातला आपला तेवढाच ठोका बाहेर काढतात. स्वयंपाकघरात ती ओट्यावर बोटांनी हे करत असते. बाकीचे चार सूर ओठांतल्या ओठांत, तिसरा बोटाने. पोळ्या लाटताना मी ते शेकडो वेळा पाहिलं असेल.

बासचे पडदे डाव्या-उजव्या अंगाला असतात. आवाज प्रेक्षकांकडे जावा म्हणून ही मुलं मैदानाच्या टोकाकडे तोंड करून चालतात आणि मान तेवढी ड्रम मेजरकडे वळवतात. माझ्याकडे तिचे ढिगाने फोटो आहेत. सगळ्यांत एक मोठं वर्तुळ आहे आणि त्याच्या वर अर्धा चेहरा.

पावलांबद्दल थोडं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल 57 सेंटिमीटरचं. प्रत्येकाच्या कमरेला दोरीने एक वही बांधलेली असते, डॉट बुक. कोणत्या मोजणीला कोणत्या रेषेपासून किती पावलांवर असायचं ते तिच्यात लिहिलेलं. पुढे जाताना टाच आधी टेकते आणि पाऊल अंगठ्यापर्यंत सावकाश उलगडतं. मागे जाताना टाच जमिनीला लागूच द्यायची नाही. ट्रम्पेटवाल्याची टाच आपटली तर हादरा पाठीतून ओठांपर्यंत जातो आणि सूर थरथरतो. श्वाससुद्धा वाटलेले असतात. शेजारी घेतो तिथे आपण घ्यायचा नाही, म्हणजे लांब सुराला कुठेही भोक पडत नाही.

कलर गार्डची एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. लाकडी रायफल उंच फेकतात, ती हवेत पाच-सहा गिरक्या घेते आणि नेमकी ठोक्यावर हातात बसते. हातात बसण्याचा तो चटका संगीतात धरलेला असतो. फेक किती उंच, हे लयीवरून ठरतं. पण स्पर्धेच्या रात्री अंगात वारं भरतं आणि ड्रम पळू लागतात. रायफलला त्याची खबर नसते, ती आपल्याच वेगाने खाली येते. दहा जणींचे चटके ठोक्यानंतर पडले की चूक त्यांची वाटते, आणि ती असते दुसऱ्याच कुणाची. या मुलींसाठी माझा जीव तुटतो.

अंतिम फेरीच्या रात्री मी मुद्दाम वरच्या मजल्यावरची जागा घेतली. छताखालच्या त्या मैदानात मागच्या भिंतीवरून आवाज परत येतो. मैदानातल्या पोरांच्या कानावर ठोका कोणत्या बाजूने येत असेल, याचा विचार करत मी हात घट्ट धरून बसले होते. शेवटच्या भागातली बासची ती ओळ जूनपासून फाटत होती, एकदा पावसात तर पुरती सांडली होती. ती जवळ आली तसे मी डोळे मिटले. वरून पहिला, दुसरा.

नंतर पार्किंगमध्ये ट्रकपाशी ती आली. बोटांना चिकटपट्ट्या, हार्नेसने खांदे लाल झालेले. खेळ कसा झाला, गुण किती मिळाले, तिने काही विचारलं नाही.

“आई, तिसरा ऐकू आला?”

“आला,” मी म्हटलं, आणि ट्रकच्या पत्र्यावर बोटाने तिला वाजवून दाखवला.