दगडाचं गाव

स्टोनहेंजचे अवाढव्य सार्सन दगड आणले कुठून? पंचवीसेक किलोमीटरवरच्या मार्लबरोच्या टेकड्यांतून, असं शतकानुशतकं बोललं जायचं. २०२० पर्यंत त्याला भक्कम पुरावा मात्र नव्हता.

खरी अडचण दगडाच्या जातीतच. सार्सन म्हणजे सिलिकेनेच घट्ट जखडलेले वाळूचे कण. ९९ टक्क्यांहून जास्त निव्वळ सिलिका. दोन गावांचे सार्सन शेजारी ठेवले, तर नुसत्या नजरेला फरक कळणं कठीण. म्हणून सगळी भिस्त उरलेल्या एक टक्क्याहूनही कमी ऐवजावर. झिर्कोनियमसारखी काही मूलद्रव्यं पाण्यासोबत सहजी वाहून जात नाहीत. त्यांचं आपसातलं प्रमाण जागेगणिक बदलतं आणि टिकून राहतं.

ब्रायटन विद्यापीठाचे डेव्हिड नॅश आणि सहकाऱ्यांनी शिल्लक ५२ सार्सनांवर हातात धरायच्या यंत्राने क्ष-किरण सोडले. दगडाला ओरखडाही न पडता त्यातली मूलद्रव्यं कळली आणि ५० दगड एकाच घराण्यातले निघाले. पण हे मोजमाप पृष्ठभागापुरतं. मूळ जागा पक्की करायला दगड फोडून तपासायला हवा, आणि स्टोनहेंजचा टवका कोण काढू देणार?

इथे एक जुना तुकडा कामी आला. १७९७ साली कोसळलेली कमान १९५८ मध्ये पुन्हा उभारताना ५८ क्रमांकाच्या खांबाला तडे दिसले. लोखंडी सळ्या घालण्यासाठी त्याला आरपार छिद्रं पाडली. त्यातून निघालेली बोटभर जाडीची, मीटरभर लांब कांडी रॉबर्ट फिलिप्स या कामगाराने जपून ठेवली, अमेरिकेला जातानाही सोबत नेली आणि २०१८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, परत केली. तिचा जेमतेम काही सेंटिमीटरांचा भाग कुटून, विरघळवून तपासला. दक्षिण इंग्लंडमधल्या वीस ठिकाणच्या सार्सनांशी ताडून पाहिला. जुळलं एकच ठिकाण: मार्लबरोजवळचं वेस्ट वूड्स. कांडी एका खांबाची, पण तो खांब त्या पन्नासांपैकी, म्हणून निष्कर्ष साऱ्यांना लागू. या तर्काची बांधणी मला यंत्रांहूनही मोलाची वाटते. उरलेल्या दोन दगडांचं गाव अजून सापडलेलं नाही.

मधोमध आडवी पडलेली सहा टनांची ‘ऑल्टर स्टोन’ वालुकाश्माची. स्टोनहेंजचे लहान दगड वेल्सचे, म्हणून तीही वेल्सचीच, हे वर्षानुवर्षं गृहीत धरलेलं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या अँथनी क्लार्क यांच्या चमूने तिच्या तुकड्यांतल्या झिर्कॉन, अ‍ॅपेटाइट आणि रूटाइल कणांची वयं युरेनियम-शिशाच्या प्रमाणावरून काढली. ती जुळली ईशान्य स्कॉटलंडच्या ऑर्केडियन खोऱ्याशी. अंतर किमान ७५० किलोमीटर! समुद्रमार्गे आणली असावी, असा या चमूचा अंदाज. पण वाट कोणती, हे कणांच्या वयावरून ठरत नाही. त्याच वर्षी ऑर्कनीच्या मुख्य बेटावरचे वालुकाश्मही तपासून झाले. ते जुळले नाहीत. नेमकी खाण आता त्या खोऱ्याच्या उरलेल्या भागात शोधायची आहे.