मैत्रीतील प्रश्न : आस्था आणि मर्यादा

प्रस्तावना :
मैत्री संवादावर टिकते आणि संवादाला दिशा देण्याचे कार्य प्रश्न करतो. मात्र आस्थेने विचारलेला प्रश्न समोरच्याला आस्थेचाच वाटेल असे नाही. प्राध्यापक कक्षात 'प्रबंध कुठवर आला?', 'सेट झाली का?', 'कायम कधी होणार?' असे प्रश्न सहजपणे विचारले जातात. तासिका तत्त्वावर अनेक वर्षे अध्यापन करणाऱ्या मित्राला मात्र ते आपल्या अनिश्चिततेची पुन्हापुन्हा आठवण करून देतात. मग तो चहाच्या वेळी कक्षात येणेच टाळू लागतो. याउलट 'उगाच कशाला विचारा' म्हणून सर्वच गप्प राहिले, तर तो एकाकी पडतो. या दोन टोकांमधील मार्गाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सैद्धांतिक आधार :
आयर्विन ऑल्टमन व डाल्मस टेलर यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार परस्परसंबंध वरवरच्या माहितीकडून अंतरंगाकडे टप्प्याटप्प्याने जातात. आर्थर ॲरन व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अपरिचित जोड्यांना ३६ प्रश्न दिले होते. प्रश्नांचे तीन संच उत्तरोत्तर अधिक वैयक्तिक होत जाणारे होते. केवळ वरवरच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा या जोड्यांत अधिक जवळीक आढळली. येथे एक बाब महत्त्वाची आहे : दोघेही आळीपाळीने उत्तरे देत होते. म्हणजेच जवळीक एकतर्फी चौकशीतून नव्हे, तर परस्पर प्रकटीकरणातून निर्माण झाली.

सँड्रा पेट्रोनिओ यांच्या मते व्यक्ती आपल्या खासगी माहितीला स्वतःच्या मालकीची मानते. ती ज्याला सांगितली जाते तो त्या माहितीचा सहधारक होतो व तिच्या गोपनीयतेची जबाबदारी त्याच्यावरही येते.

प्रश्न कसा विचारावा :
१) बंदिस्त प्रश्नाऐवजी मुक्त प्रश्न विचारावा. 'कायम झालात का?' याऐवजी 'सध्या वर्गात काय शिकवणे चालले आहे?' असे विचारल्यास काय व किती सांगायचे हे मित्र ठरवू शकतो.
२) नाजूक विषयापूर्वी अनुमती घ्यावी. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला पुन्हा प्रश्न विचारण्यापूर्वी सभेची संमती घेते. तो प्रसंग वादसभेचा असला, तरी त्यातील सौजन्य मैत्रीलाही लागू पडते.
३) प्रश्न एकांतात विचारावा. चारचौघांत विचारलेल्या प्रश्नाला नकार देणे अवघड असते.
४) त्रोटक उत्तर, विषयांतर वा मौन हेही उत्तरच समजावे. अशा वेळी 'कधी बोलावेसे वाटले तर मी आहे' एवढे म्हणून थांबावे.

अपवाद :
मित्राच्या बोलण्यातून जीवितास धोका जाणवत असेल, तर संकोच सोडून थेट विचारणे हेच कर्तव्य ठरते. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार बळावतो, या समजाला संशोधनाचा आधार मिळालेला नाही. अशा प्रसंगी शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक उपयुक्त आहे.

समारोप :
प्रश्न हा मित्रावर गाजवण्याचा हक्क नसून त्याच्यासाठी उघडे ठेवलेले दार आहे. त्या दारातून केव्हा यायचे, हे ठरवण्याचे स्वातंत्र्य मित्राकडेच असावे. तासिका तत्त्वावरील सहकारी चहाच्या वेळी पुन्हा कक्षात येऊन बसू लागला, तर आपले प्रश्न योग्य वाटेवर आहेत असे म्हणता येईल.