आवाजाने गाठ जाळता येते का? धाडच्या काकांचा प्रश्न

दिवाळीत धाडला घरी गेले होते. शेजारच्या काकांनी मोबाईल पुढे केला. "बाई, तू यातच शिकते ना? आवाजानं कॅन्सरची गाठ जाते म्हणे, कापाकापी नाही. खरं हाय का?" काकूंच्या लिव्हरमध्ये गाठी निघाल्यात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात केमो चालू आहे. त्यामुळे थातूरमातूर उत्तर देऊन चालणार नव्हतं.

आधी तंत्र. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेलच. भिंगाजवळ ऊन साधंच असतं, पण जिथे किरण एकत्र येतात तिथे कागद पेटतो. फोकस्ड अल्ट्रासाऊंड हेच करतं, उन्हाऐवजी सोनोग्राफीच्याच जातीच्या, पण कितीतरी जास्त तीव्रतेच्या ध्वनिलहरींनी. त्वचा शाबूत राहते, आतला एक ठिपका तापतो.

ठिपका केवढा? शरीरात ध्वनीचा वेग साधारण १५४० मीटर प्रतिसेकंद. वारंवारता १ मेगाहर्ट्झ धरली तर तरंगलांबी दीड मिलिमीटर. फोकस याहून फारसा बारीक होत नाही. तो साधारण तांदळाच्या दाण्याएवढा लांबट असतो. म्हणजे लिंबाएवढी गाठ जाळायची तर दाण्याशेजारी दाणा ठेवत जायचं. म्हणूनच यात तासन् तास जाऊ शकतात.

आता माझा आवडता हिशोब, वहीत करून बघा. १९८४ मध्ये सापारेटो आणि डेवी यांनी एक नियम मांडला: ४३ अंशांच्या वर तापमान एक अंश वाढलं की पेशी मारायला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांवर २४० मिनिटं धरली, तर ४४ वर १२०, ४५ वर ६०. असं करत ५६ अंशांवर? २४० मिनिटांना १३ वेळा निम्मं करा. पावणेदोन सेकंद! सगळी पद्धत या आकड्यावर उभी आहे. उष्णता रक्ताबरोबर वाहून जायच्या आत काम उरकतं.

दुसरा प्रकार आहे हिस्टोट्रिप्सी. यात जाळायचं नाही. अतिशय छोटे, जोरदार स्पंद दिले की ऊतीत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फुटताना पेशींचा चुरा करतात. मिशिगन विद्यापीठात झेन शू डुकराच्या हृदयाच्या ऊतीवर हे प्रयोग करत होत्या. कर्कश आवाजाने लॅबमधले लोक वैतागले, म्हणून त्यांनी स्पंदांचा दर वाढवला, की आवाज कानाला कमी जाणवेल. आणि परिणाम उलट चांगला आला! (लॅबमेटची कुरकुर ऐकून घ्यावी ती अशी.) ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लिव्हरच्या गाठींसाठी या यंत्राला परवानगी दिली. चाचणीत ४४ रुग्ण, ४९ गाठी, तांत्रिक यश ९५ टक्के, आणि तिघांना गंभीर गुंतागुंत.

इथे थांबा. 'तांत्रिक यश' म्हणजे रुग्ण बरा झाला असं नाही. ठरवलेला भाग नष्ट झालेला ३६ तासांच्या आतल्या स्कॅनवर दिसला, एवढंच. व्हिडिओत नेमका हाच फरक गाळलेला होता. पेपर वाचताना निष्कर्षाच्या आधी हे 'एंडपॉइंट' शोधायची सवय लावून घ्या.

अडचणीही खूप. हवेवर ध्वनी जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो, म्हणून फुप्फुस अवघड आणि आतड्यातला गॅस वैरी. हाड लहरी शोषून तापतं, आणि लिव्हर तर फासळ्यांमागे बसून श्वासाबरोबर हलत असतं. हवेचा हिसका मी स्वतः खाल्लाय. पहिले दीड महिने टाकीतल्या पाण्यातली विरघळलेली हवा नीट काढलीच नव्हती. बुडबुडे, आणि सगळी मोजमापं वाया.

आपल्याकडे? मुंबईच्या जसलोकमध्ये गर्भाशयातल्या फायब्रॉइडवर एमआरआयखाली ही उष्णतेची पद्धत वापरली गेली आहे. पण फायब्रॉइड म्हणजे कॅन्सर नव्हे.

काकांना मी सांगितलं, तंत्र खरं आहे, पण ते दिसलेली एकेक गाठ मारतं. रक्तातून पसरलेल्या पेशींना गाठणारं औषध वेगळं, म्हणून केमो सोडायची नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: गाठी किती, कुठे, आणि मूळ लिव्हरच्या की दुसरीकडून आलेल्या. काकांनी ते रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीतल्या कागदावर लिहून घेतलं. पुढची तारीख सोमवारची होती.