वगळत गेलेला बँड

पंकचा जोर ओसरून न्यू वेव्हची चलती सुरू झाली, त्याच सुमारास, १९७८मध्ये, वेल्समधल्या कार्डिफ शहरात ‘यंग मार्बल जायंट्स’ उभा राहिला. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सहॅम हे दोघे भाऊ आणि गायिका ॲलिसन स्टॅटन, इतकाच बँड. ड्रमर नव्हता. मॉक्सहॅम बंधूंच्या नात्यातल्या एकाने घरी बनवलेल्या ड्रम मशीनचे ठेके कॅसेटवर भरून घ्यायचे आणि त्यावर गायचं.

फिलिपचा बेस सुरावट ओढून नेई. स्टुअर्ट तळहाताने तारा दाबून गिटार वाजवी, त्यामुळे ती कोरडी, तुटक वाजे. ॲलिसन बोलल्यासारखी गाई, आवाज चढवत नसे. मागे ड्रमचा गदारोळ नसल्याने प्रत्येक सूर उघडाच पडायचा.

एका स्थानिक संकलनातली गाणी ऐकून लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केलं. वेल्समधल्या ‘फोएल’ स्टुडिओत मोजक्या दिवसांत ध्वनिमुद्रण उरकलं आणि फेब्रुवारी १९८०मध्ये ‘कोलॉसल यूथ’ हा अल्बम आला. गाणी १५, बहुतेक तीन मिनिटांच्या आतली. त्याच वर्षी ‘फायनल डे’ हे गाणं आलं. अणुयुद्धाची धास्ती तेव्हा ब्रिटनमध्ये घरोघरी होती. या गाण्याने तो विषय दोन मिनिटांच्या आत, जराही न ओरडता संपवला.

पुढचा प्रवास छोटा ठरला. बहुतेक गाणी स्टुअर्टची, पण लोकांच्या लक्षात राहायचा तो ॲलिसनचा आवाज. तिघांतला ताण वाढत गेला आणि १९८०च्या अखेरच्या अमेरिका दौऱ्यानंतर बँड मोडला. ‘टेस्टकार्ड’ ही केवळ वाद्यसंगीताची ईपी १९८१मध्ये निघाली, तोवर सगळं आटोपलं होतं. स्टुअर्टने ‘द जिस्ट’ हा बँड काढला, ॲलिसन ‘वीकएंड’ या बँडमध्ये गेली.

नाव मात्र टिकलं. कर्ट कोबेनने आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत ‘कोलॉसल यूथ’ घातला. कोर्टनी लव्हच्या ‘होल’ या बँडने १९९४मध्ये त्यातलं ‘क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड’ पुन्हा गायलं. मूळ गाण्यातून जे वगळलं होतं, ते सगळं ‘होल’ने परत भरलं: दणदणीत ड्रम, कर्कश गिटार, किंचाळी. तरी गाणं ओळखू येतं, कारण त्याची बांधणीच पक्की आहे. नुसत्या कमी वाद्यांवर हा बँड ४० वर्षं ऐकला गेला नसता.